कुरुंद्याच्या माळावरची हरणं

वसमत

मी हिंगोली जिल्ह्यात चालले आहे म्हटल्यावर आमच्या कोल्हापुरातल्या गल्लीत प्रत्येकानं एकच विचारलं, "तिकडं कुणाचं लग्न आहे का?" लग्न किंवा मयत सोडून माणूस तिकडं कशाला जाईल, हे कुणाच्या डोक्यात शिरेना. शेजारच्या काकूंनी मी औंढ्याला नागनाथाच्या दर्शनालाच निघाले आहे असं परस्पर ठरवलं आणि प्रसाद आणायला सांगितलं. मी पक्षी बघायला चालले आहे असं खरं सांगितलं, तर त्यांनी इतक्या काळजीनं माझ्याकडं बघितलं की मी मुकाट्यानं प्रसादाचं कबूल केलं.

खरं सांगायचं तर पक्षी हे अर्धंच कारण होतं. उरलेलं अर्धं कारण म्हणजे सुनंदा. तिचे वडील बदलीवर कोल्हापुरात होते तेव्हा आम्ही कॉलेजात एका बाकावर बसायचो. मग ती लग्न होऊन वसमतला परत गेली, पुजाऱ्याच्या घराण्यात पडली, सरकारी कचेरीत कारकुनी करता करता निवृत्त झाली. तीन वर्षांपूर्वी तिचे यजमान वारले. त्यानंतर ती पहाटे गावाबाहेर फिरायला जायला लागली आणि फिरता फिरता तिला पाखरांचं वेड लागलं. दर वर्षी दसरा झाला की तिचा फोन यायचा, "आले गं!" कोण आले हे मला विचारावं लागायचं नाही.

तिचा मुलगा मंदार पुण्यात असतो. गुणी पोरगा आहे. आईनं एकटं राहू नये असं त्याला वाटतं, आणि त्यात चूक काहीच नाही. मी निघायच्या आधी त्यानं मला फोन केला. "मावशी, तुमचं ती ऐकते. जरा समजवा तिला. दिवाळीनंतर सांगते म्हणाली आहे." मी त्यालाही कबूल केलं. थोडक्यात, प्रसाद आणायचा आणि सुनंदाला पुण्याला धाडायचं अशा दोन कामगिऱ्या घेऊन मी वसमतच्या स्टँडवर उतरले. हळदीचा उग्र, मातकट वास नाकात गेला आणि मी आल्याआल्या चार शिंका दिल्या.

"नाश्त्याला सुशीला करून राहिले," सुनंदा स्वयंपाकघरातून ओरडली.

"कोण सुशीला? आणि तिला काय करून राहिलीस?"

तिला हसता हसता ठसका लागला. सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा पोह्यांसारखा फोडणी दिलेला प्रकार, वर दाण्याचं कूट आणि कोथिंबीर. आम्ही कोल्हापूरकर चुरमुऱ्यांना भेळेपलीकडं मान देत नाही. तीन बशा खाल्ल्यावर मी त्या बाईची माफी मागितली. पण सुनंदाच्या बोलण्याची थट्टा काही सोडली नाही. कॉलेजात असताना ती आमच्यासारखं बोलायची. आता सगळं 'येऊन राहिले', 'बघून राहिले'. मी विचारलं, "अगं, माणूस नुसता एका जागी राहत असला, तर त्याला काय म्हणता तुम्ही? राहून राहिला?"

"व्हय. तेच म्हणतो," ती म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवायला उठली.

चहा पिताना तिनं मला सगळी हकिगत सांगितली. कुरुंदा गावाच्या पलीकडं बंजाऱ्यांच्या एका तांड्याचं गायरान आहे. त्यात कमरेएवढं गवत वाढतं, आणि ऐन ऑक्टोबरात उत्तरेकडून येणारे भोवत्या त्या गवतात रात्रीपुरते उतरतात. भोवत्या म्हणजे घारीपेक्षा सडपातळ, लांब पंखांचा शिकारी पक्षी. शेतावर जमिनीलगत भोवती फिरत राहतो म्हणून भोवत्या. एवढा मोठा शिकारी, पण झाडावर झोपत नाही, गवतातच बसून रात्र काढतो. गवत कापलं की त्याचा मुक्काम संपला. तांड्यातली माणसं दिवाळीच्या आधी गवत कापतात. गेली दोन वर्षं सुनंदानं तांड्याच्या प्रमुखांना, नायकांना, गळ घालून मधला पट्टा राखून ठेवला होता. यंदा मात्र नायक तयार नव्हते. हरणांचा फार उपद्रव झाला होता, आणि उंच गवतात हरणं लपतात असं तांड्यात सगळ्यांचं म्हणणं होतं.

"माळ राहिला तर मी राहीन," सुनंदा म्हणाली. "गवतच गेलं, तर मग काय बघायला राहू इथं? जाईन मंदारकडं. बसेन गॅलरीत."

ती हे इतकं साधेपणानं बोलली की मी कप खाली ठेवला. मंदारनं सांगितलेलं मी दुपारपर्यंत पुढं ढकललं.

तांडा

सुनंदा स्कूटी चालवते. साठी उलटलेली बाई मराठवाड्याच्या खड्ड्यांतून ज्या वेगानं स्कूटी चालवते, तो वेग मी माझ्या उमेदीच्या काळातही पाहिला नव्हता. मी डोळे मिटून तिचा पदर धरला होता. मधूनमधून डोळे उघडले तेव्हा दिसलं ते असं: हळदीची रुंद हिरवी पानं, एखाद्या शेतात कापूस वेचणाऱ्या बायकांची रांग, सोयाबीन निघाल्यावर उघडी पडलेली काळी जमीन, आणि त्या काळ्यावर हरभऱ्याच्या नुकत्याच उगवलेल्या हिरव्या ओळी. आमच्याकडं या दिवसांत नजर जाईल तिथं ऊस असतो, त्यामुळं आभाळ अर्धंच दिसतं. इथं आभाळाला कुणी अडवलेलं नाही.

तांड्यात नायकांची बायको गोमलीबाई आम्हांला दारातच भेटली. साठीची उंच बाई, हातभर बांगड्या, मोठा आवाज. तिनं चहा दिला, माझं गाव विचारलं, कोल्हापूरला जाऊन आलेल्या कुणा पाहुण्याची चौकशी केली. नायक शेतावर गेले होते. मग आम्ही माळावर गेलो आणि तरवडाच्या झुडपामागं बसलो.

ऊन उतरलं तसे ते यायला लागले. आधी एक. गवताच्या शेंड्यांना लागेल असा खालून आला, पंख इंग्रजी व्हीसारखे वर धरलेले, आणि एक फेरी मारून परत लांब गेला. मग चारी बाजूंनी. नर राखाडी-पांढरे, पंखांची टोकं शाईत बुडवल्यासारखी काळी. माद्या तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. आवाज नाही, घाई नाही. हवेत तरंगत तरंगत एकेक जण आपली जागा बघायचा आणि अचानक पाय सोडून गवतात उतरायचा. कुणाची जागा कुणी आधीच घेतली असली, तर तो पुन्हा उठून दुसरी शोधायचा. मला आमच्या एसटीत जागा पकडणारी माणसं आठवली, फक्त इथं भांडणं नव्हती. मी सुनंदाचा हात घट्ट धरला होता हे मला नंतर कळलं.

अंधारून आल्यावर आम्ही तांड्यावर परतलो. मंदारचा फोन आला म्हणून सुनंदा लिंबाखाली गेली. रेंज तिथंच मिळते. ओट्यावर मी आणि गोमलीबाई. आता इथून पुढचं सगळं माझ्यामुळं घडलं.

"काय दिसलं का, ताई?" गोमलीबाईनं विचारलं.

मी उत्साहानं फुटायच्या बेतात होते. शिवाय येण्याआधी मोबाईलवर चार व्हिडिओ बघून मी भोवत्याचं इंग्रजी नाव पाठ केलं होतं, ते कुठंतरी वापरायचं होतं. "दिसलं म्हणजे काय! तुमच्या गायरानात शंभरभर हॅरियर आहेत!"

"हारणं?" गोमलीबाईचे डोळे मोठे झाले.

मला वाटलं, इकडं तसाच उच्चार करत असतील. "हो, हो, तेच. अंधार पडायला लागला की चहूकडून येतात आणि गवतात झोपतात."

"शंभर?"

"जास्तच असतील. आणि पहाटे उठले की सगळे तुमच्या शेतांवर पसरतात."

"आन् खात्यात?"

"मग! दिवसभर दुसरं काम काय त्यांना?"

गोमलीबाईनं हातातली कपबशी खाली ठेवली. "नायकाला सांगाया लागंल," ती म्हणाली आणि लगबगीनं आत गेली. तिच्यावर इतका परिणाम झालेला पाहून मला फार बरं वाटलं. वसमतला परतताना सुनंदाला हे सांगावं असं मनात आलं होतं, पण स्कूटीवर तोंड उघडण्याची सोय नव्हती. रात्री धपाटे आणि दही खाऊन मी झोपले ती गाढ.

माळ, पहाट

पहाटे आम्ही तिथंच, तरवडामागं. गवतावर दव इतकं होतं की माझी साडी पोटऱ्यांपर्यंत ओली झाली. पूर्वेला नुसती राखेसारखी फट पडली होती. गवतात शंभर शिकारी झोपलेले आहेत आणि आपण त्यांच्या उशाशी बसलो आहोत, या विचारानं मी श्वाससुद्धा बेतानं घेत होते. सुनंदा कुजबुजली, "उजाडायच्या सुमारास एकेक उठतो. काही शिकारीला जातात, काही ढेकळांवर बसून पंख वाळवतात. तू नुसती बघ."

तेवढ्यात तांड्याच्या बाजूनं बॅटऱ्या चमकल्या. एक, चार, मग दहा-बारा. काठ्या घेतलेली माणसं, पत्र्याचे डबे घेतलेली माणसं, आणि चार कुत्री. सगळ्यांत पुढं पांढऱ्या पटक्यातले फुलसिंग नायक. मागं गोमलीबाई, डोक्यावरून शाल घेतलेली.

सुनंदा उठून समोर गेली. "नायक, हे काय?"

"ताई, तुमी पाळत ठेवून राहिल्या, लई बरं केलं," नायक हळू आवाजात म्हणाले. "काल घरात कळलं. शंभर हरणं! आवं, हरभरा आत्ता कुठं उगवून राहिला. येवढी हरणं शेतात शिरली तर काय शिल्लक ठेवत्यात? आज हाकलतो, आन् उद्याच्याला गवत समदं कापून टाकतो. लपाया जागाच नको."

"हरणं?" सुनंदा म्हणाली. "कुणी सांगितलं?"

गोमलीबाईनं माझ्याकडं बोट दाखवलं. "या पाव्हण्या ताईनं."

सुनंदा माझ्याकडं वळली. आयुष्यात पहिल्यांदाच मला तिची भीती वाटली. "काय सांगितलंस तू?"

"मी हॅरियर म्हणाले," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता माझं मलाच ऐकू आलं.

सुनंदानं डोळे मिटले. "भोवत्या म्हणायला काय झालं होतं गं तुला?"

मग ती नायकांचा हात धरून घाईघाईनं सांगायला लागली: हरणं नाहीत, पाखरं आहेत, तीच पाखरं ज्यांच्यासाठी मी दोन वर्षं गवत मागते, कुणाला पुढं जाऊ देऊ नका. नायकांना अर्धं कळलं असेल तेव्हा त्यांनी हात वर केला. पण गवताच्या पलीकडच्या कडेला गेलेल्या माणसांना अंधारात तो दिसला नाही. तिकडून एकानं डब्यावर काठी हाणली. मग सगळ्यांनीच हाणली.

सगळा माळ उठला. गवतातून, आमच्या पायांपासून ते पार दुसऱ्या कडेपर्यंत, एकाच वेळी. पंखांचा तो आवाज मला शब्दांत नीट सांगता येत नाही. वाळत घातलेली पुष्कळ लुगडी एकदम वाऱ्यानं उचलावीत तसा काहीसा. ते आमच्या डोक्यांवरून गेले, इतक्या खालून की मी खाली वाकले. वर जाऊन त्यांनी एक मोठा फेरा धरला, एकावर एक, खाली तपकिरी, वर पांढरे, आणि सर्वांत वरच्यांच्या अंगाला तेव्हाच ऊन लागलं. आमच्यापर्यंत ते अजून पोचलं नव्हतं. डबे आपोआप थांबले. भुंकणारी कुत्री माना वर करून गप्प झाली. नायक थोडा वेळ गवतात हरणं शोधत होते, मग त्यांनीही मान वर केली आणि ती वरच राहिली.

पहिली बोलली ती गोमलीबाई. "हेच का? तुमच्याकडं ह्यालाच हारणं म्हणत्यात का, ताई?"

माणसं हसायला लागली. मी पण हसले, दुसरं करणार काय! सुनंदा मात्र बांधावर बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. फेरा विरत गेला, पाखरं एकेक करून चारी दिशांना पांगली. "गेले," ती म्हणाली. "एकदा अशी जागा मोडली की भरवसा नसतो."

माझ्याच्यानं तिच्याजवळ जाववेना. मंदारला जे हवं होतं ते मी एका शब्दात करून ठेवलं होतं, समजवायचीसुद्धा गरज उरली नव्हती. आणि तेव्हा मला स्वच्छ कळलं की ते मला अजिबात नको होतं.

फुलसिंग नायक मात्र तिच्याशेजारी जाऊन बसले. ऊन आता खाली आलं होतं. समोरच्या हरभऱ्यावर एक मादी फिरत होती, ओळीच्या वरून गेली, वळून पुढच्या ओळीवरून आली, जणू तण काढायचा डवरा हाकते आहे. अचानक खाली पडल्यासारखी उतरली आणि पायात काहीतरी घेऊन उठली.

"काय धरलं?" नायकांनी विचारलं.

"नाकतोडा," सुनंदा डोळे पुसत म्हणाली. "उंदीर धरतात, नाकतोडे धरतात. हरभऱ्याच्या पानाला तोंड लावत न्हाईत."

"कुठून येत्यात?"

"लांबून. हिमालयाच्या पलीकडून, रशियाच्या बाजूनं. थंडी पडली की निघतात. काही इथं राहतात, काही पुढं खाली, दक्षिणेला जातात."

"आन् रातच्याला माळावर उतरत्यात. समदे मिळून."

"व्हय."

नायकांची नजर त्या मादीबरोबर फिरत होती. "आमचे आजे-पणजे बैलांवर मीठ लादून हिंडायचे, ताई. त्यांचंबी आसंच. दिवसभर चालायचं, सांजच्याला गवत-पाणी बघून माळावर उतरायचं. ह्यो तर तांडाच हाय." मग त्यांनी पटका काढून पुन्हा बांधला. "बघू. सांजच्याला परत आले, तर गवत त्यांचं. न्हाई आले, तर गुरांचं. बराबर?"

"बराबर," सुनंदा म्हणाली, पण तिच्या आवाजात जीव नव्हता.

माळ, संध्याकाळ

माझी परतीची गाडी दुपारी होती. ती मी सोडून दिली. दिवसभर आम्ही गोमलीबाईकडंच होतो. तिनं ज्वारीच्या भाकरी थापल्या, वांग्याची भाजी केली, आणि ठेचा असा वाढला की तिखटाची ऐट मिरवणारी मी कोल्हापूरची बाई गुळाचा खडा मागू लागले. ती माझ्याकडं बघून दर थोड्या वेळानं "हारणं!" म्हणायची आणि पदर तोंडाला लावायची. जेवण झाल्यावर तिनं सांगितलं की दिवाळीला तांड्यातल्या पोरी याच माळावर फुलं तोडायला येतात, शेणाचं गोधन मांडून पुजतात, त्याच्यावर वाहायला. गवत सगळं कापलं की फुलंही जातात आणि पोरी नाराज होतात. "म्या तर म्हणतच होते नायकाला, थोडं राहू द्या म्हून," ती म्हणाली. हे ती आधी म्हणाली होती की आत्ताच सुचलं होतं, ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी अर्धा तांडा माळाच्या कडेला येऊन बसला. कुत्री घरी बांधून ठेवली होती. सकाळी पहिला डबा वाजवणाऱ्याला सगळ्यांत मागं बसवलं होतं, आणि तो बिचारा खोकला आला तरी तोंडात गमछा कोंबत होता.

ऊन उतरलं. कुणी आलं नाही. गवत पिवळं झालं, मग तांबूस झालं. एक घार वरून गेली, तिच्याकडं सगळ्यांनी आशेनं बघितलं. सुनंदा गुडघ्यांभोवती हात घालून बसली होती आणि समोर बघत नव्हती.

मग गोमलीबाईनं माझ्या दंडाला चिमटा काढला.

एक नर होता. पांढुरका, एकटा. माळाच्या लांबच्या कडेनं आला, फेरी मारली, आणि निघून गेला. कुणीतरी सुस्कारा सोडला. तो परत आला. या वेळी अगदी मधून, खालून, पंख वर धरून. एकदा गवतावर थबकला, पाय सोडले, पुन्हा उचलले. मी मनात औंढ्याच्या नागनाथाला प्रसादाचं नाव घेऊन काय काय कबूल केलं ते इथं लिहीत नाही. तो उतरला. त्याच्यामागं दोन माद्या. मग कुठून कुठून, उन्हातून, हळदीच्या शेतांवरून, तांड्याच्या घरांवरून, सकाळचे सगळे.

सुनंदानं मान वर केली आणि ती लहान मुलीसारखी रडली. मी पण रडले, तिच्याहून जोरात. गोमलीबाईनं आम्हां दोघींना दटावून गप्प केलं, पाखरं उठतील म्हणून.

अंधारात परत निघताना नायक माणसांना सांगत होते, "कडेकडेनं कापा. मधलं राहू द्या. माळावर उतरलेल्या तांड्याला कुणी उठवीत आसतं का?"

लिंबाखालून जाताना माझा फोन वाजला. मंदार होता. "मावशी, समजूत पटली का?"

"पटली रे," मी म्हटलं. "माझी."

कोल्हापूर

औंढ्याचा प्रसाद सुनंदानं दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन आणून दिला, त्यामुळं काकूंपुढं माझी लाज राहिली. सोबत वसमतची हळद आणि गोमलीबाईचा ठेचा. ठेचा मी फ्रिजच्या मागच्या कप्प्यात ठेवला आहे आणि कुणाला हात लावू देत नाही.

डिसेंबरात तिचा फोन आला. मागं वारा ऐकू येत होता, म्हणजे माळावरच असणार. मंदार आठवडाभर येऊन गेला होता. त्याला तिनं पहाटे उठवून, स्कूटीवर मागं बसवून तरवडामागं नेलं होतं. तो जाताना दुर्बीण मागवून देतो म्हणाला.

"आणि हरणं?" मी विचारलं. तांड्यात आता सगळेच त्यांना हरणं म्हणतात.

"निम्मी पुढं गेली गं, खाली. निम्मी हाइत अजून."

"आणि तू?"

ती हसली. मला तिचा चेहरा दिसत होता.

"मी? मी राहून राहिले."